अव्वांनी सोलापूर पाहिलं तो हिवाळा

सोलापुरात हिवाळा सकाळपुरताच येतो. पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यावीशी वाटते, उन्हं वर आली की स्वेटरची बटणं निघतात आणि दुपार व्हायच्या आत ऊन असं चढतं की रस्त्यानं जाणारा माणूस भिंतीकडेची सावली धरून चालतो. मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे हवा सतत ओली. कपडे वाळता वाळत नाहीत, दारं फुगतात, मीठ पाझरतं. लग्नानंतर पहिल्यांदा सोलापूरला आले तेव्हा त्या कोरड्या, लख्ख उजेडाची मला भीतीच वाटली होती. सगळं फार स्पष्ट दिसायचं. माणसांच्या चेहऱ्यावरच्या रेषा, दगडांतल्या भेगा, लांबवरची बंद गिरणीची चिमणी. आडोसा म्हणून कशालाच नाही.

परवा पुण्यात मंडईबाहेर एका हातगाडीवर हुरड्याच्या पिशव्या दिसल्या. एक घेतली आणि रस्त्यातच मूठभर दाणे तोंडात टाकले. गोड होते, पण गार होते. हुरडा गार खायचा नसतो. आगटीतून काढलेलं कणीस हात पोळत असताना चोळायचं आणि राखेसकट तळहातावरून तोंडात टाकायचं. तरीही कोवळ्या ज्वारीची ती दुधाळ चव जिभेवर आली आणि एक अख्खा हिवाळा समोर उभा राहिला. अव्वांचा हिवाळा.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. कानडीत आईला अव्वा म्हणतात. माझा नवरा शिवू म्हणतो, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं माहेर दुधनी, कर्नाटकाच्या उंबऱ्यावरचं बाजाराचं गाव. घरात कानडी, बाजारात मराठी. शाळा कानडी, तीही थोडीच. लग्न होऊन सोलापूरला आल्या त्या कसब्यातल्या एका गल्लीत. खाली सासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान, वर घर. कायम इरकल साडी, कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, आणि हातांना शेंगदाण्याच्या चटणीचा वास. बोलणं कमी. मला वाटायचं, माझ्याशीच कमी असेल. मग कळलं, सगळ्यांशीच कमी.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, पावसाळा सरता सरता गेले. दुपारी दुकानात पोत्याला टेकून बसले होते, ते तसेच. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि पुढचं ठरलं. दुकान आणि घर विकायचं, अव्वांना आमच्याकडे पुण्याला न्यायचं. ठरलं म्हणजे शिवूनं ठरवलं, मी मान डोलावली आणि अव्वांनी ऐकलं. माझं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. म्हणून संक्रांतीपर्यंत मी अव्वांजवळ राहायचं, सामान आवरायचं, आणि शिवूनं शनिवारी येऊन गिऱ्हाईक बघायचं असं झालं.

एका सकाळी मी माळ्यावरची पितळी भांडी खाली काढत होते. अव्वा खिडकीशी बसून केस विंचरत होत्या. एकदम म्हणाल्या, "मेधा, किल्ला आतनं कसा हाय गं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुठला किल्ला?"

"हितलाच की. आपला."

आमच्या घरापासून किल्ल्याच्या तटापर्यंत चालत जाता येतं. त्यांचा मुलगा लहानपणी सुट्टीत तिथंच खेळला. "तुम्ही कधी गेलाच नाहीत?" मी विचारलं.

"कवा जानार? सकाळी सैपाक, मग दुकानाचं दळप-कांडप, मग सैपाक. देवळाला जात हुते. लग्नकार्याला जात हुते. बाकी जाऊ जाऊ म्हनत ऱ्हाऊन गेलं." फणीतले केस काढून त्यांनी बोटाला गुंडाळले. "आता सोडून जायचं, तर बघून तरी जावं."

त्याच सकाळी आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंची रिक्षा असायची. अप्पांच्या दुकानातून वर्षानुवर्षं धान्य नेणारा माणूस, अव्वांना अम्मा म्हणणारा. "किधर अम्मा, दवाखाना?" त्यांनी विचारलं. आमच्या घरातल्या बाया रिक्षानं जातात त्या दवाखान्यालाच, हे त्यांना ठाऊक होतं.

"किल्ला दाखिव," अव्वा म्हणाल्या.

किल्ल्याच्या दाराशी रिक्षा थांबवून सलीमभाई वर बघत उभे राहिले. "कित्त्ये लोगां को लाके छोड्या हितं. मैं बी अंदर नै गया, अम्मा."

"चल मग तू बी."

तिघं आत गेलो. बाहेरचा तट, खंदक, मग आतला तट. दारावरच्या लोखंडी खिळ्यांना अव्वांनी बोट लावून बघितलं. आत बाग होती, खारी होत्या, झाडाआड बसलेली कॉलेजची जोडपी होती. आम्हाला बघून ती जरा सावरून बसली. मी फोनवर वाचून सांगत होते. चालुक्य, यादव, बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल, पेशवे, इंग्रज. मला स्वतःलाच ती नावं परीक्षेसाठी पाठ केल्यासारखी कोरडी लागत होती. मग एका ठिकाणी वाचलं की विजापूरच्या राजघराण्यातल्या मुलीच्या लग्नात हा किल्ला आंदण द्यायचा ठरला होता, तो दिला नाही, आणि त्यावरून विजापूर आणि अहमदनगर कितीतरी वर्षं एकमेकांशी लढत राहिले.

अव्वा चालता चालता थांबल्या. "किल्ला? आंदन?"

"हो."

"अगं बाई! माज्या लग्नात पितळी हंड्यावरनं भांडन झालतं. हितं किल्ल्यावरनं!" आणि त्या हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "त्या पोरीला काय वाटलं आसंल, कुटं लिवलंय का?"

मी शोधलं. नव्हतं.

पुढं एका बाजूला जुन्या देवळाचे खांब उभे होते. किल्ल्याच्याही आधीचं देऊळ. काही कोरीव दगड तटाच्या भिंतीत बसवलेले. अव्वांनी एका दगडावर हात ठेवला. ऊन अजून कोवळं होतं, दगड रात्रीचा गारवा धरून होता. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. "दगडाला काय," त्या म्हणाल्या, "जितं ठिवाल तितं ऱ्हातोय." सलीमभाईंनी मान हलवली.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही निघू लागलो. दुपारी मी काम करायची, अव्वा भांडी घासूनपुसून पोत्यात भरायच्या. पण सकाळ आमची. गावाचं दैवत असलेल्या सिद्धेश्वरांनी गावाभोवती स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांपैकी अव्वांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माहीत होती. बाकीची आम्ही शोधत फिरलो. एखादं हमरस्त्याच्या कडेला, एखादं दुकानांच्या मागं, एखादं कुणाच्या परसात; बाई धुणं वाळत घालता घालता म्हणायची, "व्हय, हितंच हाय, या की आत." प्रत्येक ठिकाणी अव्वा बेलाचं पान वाहायच्या आणि मग देवाला सोडून आसपासच्या माणसांची चौकशी करत बसायच्या. कधीपासून राहता, कुठून आलात, पाणी कधी येतं.

बाळी वेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस. नावं घेऊन सलीमभाई रिक्षा वळवायचे आणि अव्वा बाहेर डोकावून वेस शोधायच्या. वेशी केव्हाच गेल्या होत्या. तिथं आता बँका, चपलांची दुकानं, उसाच्या रसाची गुऱ्हाळं. गाव तटाबाहेर सांडलं आणि दरवाजे पाडले गेले; नावं मात्र लोकांच्या तोंडी राहिली, रिक्षावाल्यांनी ती रोज वापरून जिवंत ठेवली. मला ते फार आवडलं. माझ्या चिपळूणला नदी दरवर्षी काहीतरी घेऊन जाते, म्हणून आम्ही तिथली माणसं काही धरून ठेवण्यात कच्ची. हे गाव सोडत नाही. एकावर एक ठेवत जातं.

एकदा पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत गेलो. गल्लीभर मागांची खटखट, पायाखालची जमीन बारीक थरथरणारी. ओट्यावर एक म्हातारी विड्या वळत बसली होती. तिची भाषा तेलुगू, अव्वांची कानडी. दोघींनी मधोमध मराठी अंथरली आणि तिच्यावर बसून गप्पा मारल्या. म्हातारीचे आजे-पणजे तेलंगणातून चालत आले होते, दुष्काळात, मागाचं सामान डोक्यावर घेऊन. "मग हे तुमचं गाव झालं कवा?" अव्वांनी विचारलं. म्हातारीनं विडीचं पान कातरलं. "नातू म्हन्ला, माजं गाव सोलापूर. तवा कळ्ळं आमाला, झालं म्हनून." अव्वा परतीच्या वाटेवर हे वाक्य दोनदा स्वतःशी पुटपुटल्या.

तोवर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेचे दिवस जवळ आले होते. संध्याकाळी गल्लीतून नंदीध्वजांचा सराव चालायचा. घरांच्या गच्चीला भिडतील अशा उंच काठ्या, कमरेला पट्टा बांधून त्या तोलणारी माणसं, पुढं हलगी. होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहायला लागले होते. त्याच आठवड्यात शनिवारी शिवू गिऱ्हाईक घेऊन आला. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी घर हिंडून पाहिलं, भिंतीवर बोटांनी टकटक केली, जिना मोजून पाहिला. अव्वांनी चहा केला. "संक्रांतीनंतर लगेच उरकून टाकू," शिवू म्हणाला. गृहस्थांनी अव्वांना नमस्कार केला आणि गेले. अव्वा कपबशा विसळायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी शिवू झोपेत असतानाच आम्ही तळ्यावर गेलो. पाण्यावर धुकं होतं, मध्ये सिद्धेश्वरांचं देऊळ, आणि काठावर बगळे अंग चोरून बसलेले. संमती कट्ट्याशी अव्वा बसल्या. इथंच दरवर्षी अक्षता पडतात. एका कुंभाराच्या मुलीनं सिद्धेश्वरांशी लग्न करायचं मनात धरलं. ते योगी, त्यांनी नकार दिला. शेवटी तिचा हट्ट बघून आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. त्या लग्नाचा सोहळा अजून होतो आणि अक्षता टाकण्याआधी संमती, म्हणजे लग्नाला मान्यता देणारी वचनं, वाचतात. अव्वांना ही कथा जन्मापासूनची. त्या दिवशी त्यांनी ती मला नव्यानं सांगितली.

"सोता देव," त्या म्हणाल्या, "पन त्येच्या लग्नात बी संमती वाचाय लागली. सगळ्या गावासमोर. आन माज्याकडं?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर मला सोपं गेलं असतं. "लग्नात कुनी इचारलं न्हाय. सोळाव्या वर्सी काय इचारनार म्हना. दुकान काढलं तवा न्हाय, शिवूला पुन्याला धाडलं तवा न्हाय. आता घर. माजा नवरा गेला ते घर. तिथं बी मी च्याच करायचा व्हय?"

"तुम्हाला पुण्याला यायचं नाहीये का, अव्वा?"

"त्ये मला बी ठावं न्हाय. कुनी इचारलंच न्हाय, तर मी इचार कशाला करू?"

त्या आठवड्यात आम्ही आणखी एक लांबची फेरी केली. दक्षिणेला, भीमा आणि सीना मिळतात तिथल्या जुन्या देवळांपाशी. एका तुळईवर फार जुनी मराठी अक्षरं कोरलेली आहेत. अव्वा कानडी शिकलेल्या, मी मराठीची पदवी घेतलेली, आणि दोघींनाही त्यातलं एक अक्षर लागेना. "दोगी बी अंगठेबहाद्दर," अव्वा म्हणाल्या. संगमावर दोन्ही नद्या शांत होत्या, कुठली कुठं संपते ते कळत नव्हतं. जवळच त्यांच्या माहेरच्या नात्यातल्या एकांचं शेत होतं. त्यांनी आगटी पेटवली. गोवऱ्यांचा धूर, ज्वारीच्या ताटांमधून येणारं कोरडं वारं, शेंगदाण्याची चटणी, दही. अव्वा कणसं चोळत होत्या आणि फुंकर मारून मला दाणे देत होत्या. शेताकडं बघत म्हणाल्या, "शनवारी मी बोलते शिवूशी. तू मधी पडू नको." मग जरा थांबून, "पन हितंच ऱ्हा. शेजारी बस."

मी बसले. शनिवारी शिवू जेवून उठत होता तेव्हा अव्वा म्हणाल्या, "बस. मला सांगायचंय. घर इकायचं न्हाय."

शिवूला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "अव्वा, सगळं ठरलंय."

"कुनी ठरिवलं?"

"अगं, तू इथं एकटी कशी राहणार? उद्या काही झालं, पडलीबिडलीस तर?"

"पडले तर उठंन. न्हाय उठले तर सलीम हाय, शेजार हाय. तू बी हायसच की."

"दोन महिन्यांपूर्वी तू काही बोलली नाहीस."

"दोन महिन्यांमागं मी हे गाव बघितलं नव्हतं. आता बघितलंय, तर जरा ऱ्हाऊ दे मला त्यात."

शिवू माझ्याकडं वळला. "तू तिला फिरवून फिरवून भरीस घातलंयस." त्याच्या आवाजात राग होता, पण त्याखाली भीती होती. वडील गेले होते, आई लांब राहणार होती, आणि वाजणारा प्रत्येक फोन त्याला वाईट बातमीचा वाटणार होता. मला ते दिसत होतं. तरी मी अव्वांच्या शेजारून उठले नाही. तो आमचा सर्वांत मोठा अबोला. गिऱ्हाइकाला त्यानं फोन करून नकार कळवला आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला.

अक्षतांच्या दिवशी मात्र तो न सांगता आला. तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मानाचे सात नंदीध्वज, त्यांची बाशिंगं, उन्हात चमकणारं पाणी. संमती वाचली जात असताना अव्वा डोळे मिटून उभ्या होत्या. अक्षता उडाल्या. शिवूनं आईच्या केसांतले तांदूळ वेचून काढले आणि म्हणाला, "ठीक आहे. तुला हवं तितकं राहा." आणि हळूच, "पण फोन उचलत जा."

अव्वा आणखी तीन हिवाळे तिथं राहिल्या. दुकान भाड्यानं दिलं, वर स्वतः. मधल्या एका वर्षी खरंच मोरीत पडल्या, हात मोडला. शिवू महिनाभर माझ्याशी तुटक वागला. हात जुळला, त्याचं मनही हळूहळू जुळलं. मग एका फाल्गुनात त्यांचा स्वतःहून फोन आला. "शिवू, आता गिऱ्हाईक बघ. जिना चढवना झालाय. आन मला पुणं बघायचंय." घर विकताना त्यांनी स्वतः बोलणं केलं. चहा त्या दिवशी शिवूनं केला.

हुरड्याची ती पिशवी घरी नेली तेव्हा अव्वांनी चार दाणे चघळले आणि म्हणाल्या, "ह्येला धूर लागला न्हाय." मग खिडकीबाहेर बघत, "गड्डा आला आसंल." तेवढ्यावर शिवूनं गाडी काढली. सोलापुरात आम्ही पहिल्यांदाच लॉजवर उतरलो. खोलीतल्या पांढऱ्या चादरी अव्वांनी हातानं चाचपून बघितल्या. "आपन पावनं झालो की गं," म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं की गंमत, मला ठरवता आलं नाही. मला मात्र रात्रभर त्या गल्लीचे आवाज आठवत राहिले. खाली पोती आपटल्याचा, वर अव्वांच्या बांगड्यांचा.

सकाळी शिवू तळ्यावर गेला आणि आम्ही दोघी सलीमभाईंच्या रिक्षातून गल्लीत गेलो. घर नव्हतं. नवीन मालकानं पाडलं होतं, पिलर उभे होते, सळया आकाशात निघालेल्या. जिथं आमचं दुकान होतं तिथं पत्र्याची खोपी घालून वॉचमनचं कुटुंब राहत होतं. तीन विटांच्या चुलीपाशी त्याची बायको भात शिजवत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि कानडीत विचारलं, कोण हवंय तुम्हाला?

अव्वांनी त्या सळयांकडं पाहिलं, वर जिथं त्यांचं स्वयंपाकघर होतं त्या रिकाम्या हवेकडं पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. "यारू इल्ल," त्या म्हणाल्या. कुणी नाही. "ऊर नोडाक बंदेवि." गाव बघायला आलोय.

बाईनं पाट सरकवला. ती कर्नाटकातल्या इंडीकडची, गेल्या दिवाळीनंतर आलेली. हसून म्हणाली, इथं काय बघायचं? मी तर ही जागा आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान, एवढंच बघितलंय.

अव्वा पाटावर बसल्या नाहीत. "चप्पली हाक्को," त्या तिला म्हणाल्या. चपला घाल.

तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी रिक्षाकडं बोट दाखवलं. सलीमभाई मागची सीट फडक्यानं पुसत होते. तिनं एकदा चुलीकडं पाहिलं, एकदा अव्वांकडं. मग भाताचं पातेलं खाली उतरवलं, जाळ मागं ओढला आणि पदराला हात पुसत चपला शोधू लागली.